हरभऱ्याची आंब, उसाचा सिरका

लग्न होऊन मी राहू गावी आले ते थंडीचे दिवस होते. माझं माहेर दौंडचं, वडील रेल्वेत. त्यामुळे शेताशी माझी ओळख बांधावरून चालण्याइतकीसुद्धा नव्हती. सासरी आल्यावर एका सकाळी जाग आली तर सासूबाई घरात नव्हत्या. दारात येऊन पाहिलं. समोरच्या हरभऱ्याच्या वावरात त्या आणि सासरे, दोघं धोतराचं एक जुनं पान चार टोकांनी धरून चालले होते. ते पांढरं फडकं हरभऱ्याच्या शेंड्यांवर टेकलेलं होतं आणि दोघं ते हळूहळू पुढे ओढत होते. मला वाटलं, काही देवाधर्माचं असेल. पण आमचं घर बौद्धांचं, असलं काही आमच्यात नसतं, हेही माहीत होतं.

मी जवळ गेले तशा सासूबाई म्हणाल्या, "आलीस व्हय? चपला काढू नगंस. पायाला चावंल."

बांधावर येऊन त्यांनी ते ओलं फडकं काचेच्या बरणीवर पिळलं. गढूळ, किंचित पिवळसर पाणी निघालं. त्यातला एक थेंब त्यांनी माझ्या तळहातावर दिला. मी चाटला आणि अंगावर सर्रकन काटा आला. कैरी नाही, चिंच नाही, लिंबू नाही. या सगळ्यांपेक्षा निराळा आणि धारदार आंबटपणा होता.

"ही आंब," त्या म्हणाल्या. "हरभऱ्याच्या पानावर थंडीत खार सुटतो, तो दवात उतरतो. दव हाय तवर टिपायचा. ऊन आलं की संपलं."

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडे तशीच पद्धत. आत्यांचं माहेर यवतजवळचं कासुर्डी. आंब काढायला त्या तिथंच, त्यांच्या आईकडून शिकल्या होत्या. थंडीभर त्या रोज पहाट फटफटली की वावरात जायच्या. त्या दिवसांत त्यांच्या बोटांची सालं निघायची, नखांच्या कडा लाल व्हायच्या. फडकंसुद्धा हंगाम संपेपर्यंत विरून जायचं. एवढं करून वर्षाला दोन-तीन बाटल्या भरायच्या. धातूचं झाकण आंब खाऊन टाकते, म्हणून दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचं बूच त्या बाटलीला बसवायच्या.

कुणाचं पोट दुखलं, जेवण अंगावर आलं, आजारातून उठल्यावर तोंडाला चव राहिली नाही, की माणसं आमच्या दारात यायची. आत्या भांडंभर पाण्यात थोडे थेंब टाकायच्या, वर ओवा आणि मीठ. आमच्या वस्तीतले यायचे, तसे वरच्या आळीतल्या बागाईतदारांच्या घरचेही यायचे. आत्या द्यायच्या तसं विचारायच्याही खूप. काल काय खाल्लं, दुखतं ते नेमकं कुठं, आधी असं झालं होतं का. नुसती बाटली मागून कुणाला मिळायची नाही.

आत्यांना गावात मान होता तो मात्र निराळ्याच गोष्टीमुळे. माझ्या लग्नाच्या आधी गावातल्या बायांनी नदीकाठची हातभट्टी मोडली, त्यात आत्या सगळ्यांच्या पुढे होत्या. आणि त्या दिवशी भट्टीवर बसलेल्या गिऱ्हाइकांमध्ये मामाही होते. ही गोष्ट मला खुद्द मामांनीच सांगितली. म्हणाले, "हातात गिलास व्हता माझ्या. हिनं माझ्यापुढलं मडकं फोडलं आन् माझ्याकडं बघितलं बी न्हाई. घरी आलो तर गपगुमान जेवाय वाढलं. त्यापरीस दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

भट्टी मोडली म्हणून मामांची दारू काही लगेच सुटली नाही. ते दुसऱ्या गावी जाऊन प्यायचे, सुटायची, पुन्हा लागायची. अखेर एका पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी पंचशील म्हटलं आणि नशा न करण्याच्या पाचव्या शीलाशी त्यांचा आवाज अडला, असं आत्या सांगायच्या. तेव्हापासून त्यांनी दारूला हात लावला नव्हता. मी सून होऊन आले ती या न पिणाऱ्या, मिश्किल, जरा हळव्या मामांच्या घरात.

पुढे नदीवरून पाइपलाइनी आल्या. जिथं हरभरा आणि ज्वारी व्हायची त्या माळाला पाणी मिळालं आणि बघता बघता सगळीकडे ऊस उभा राहिला. आमच्या तुकड्यातही ऊस आला. त्याचं वाईट वाटून घ्यावं अशी आमची परिस्थिती नव्हती. उसानं घराला पत्रा आला, माझ्या नवऱ्याला रांजणगावच्या कंपनीत जायला मोटारसायकल आली. पण हरभरा गेला आणि हरभऱ्याबरोबर आंब गेली. आत्यांनी घरामागं चार सऱ्या हरभरा लावून पाहिला. त्यातून चमचाभर निघाली. शेवटची बाटली तळाला गेली तरी माणसं येतच होती, आणि "संपली बाबा" म्हणताना आत्यांचं तोंड उतरायचं. मी एकदा म्हटलं, "आत्या, दुकानात सोड्याच्या पुड्या मिळतात की." त्या म्हणाल्या, "मिळत्यात. पर पुडी इचारती का, काल काय खाल्लं म्हून?"

ऊस आला तशी गुऱ्हाळं वाढली. आमच्या शिवेवरच्या गुऱ्हाळात उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब दर हंगामाला यायचं. नवरा काहिलीत रस उकळायचा. त्याच्या बायकोला सगळे भाभी म्हणायचे. आत्या तिथं ऊस सवळायला, म्हणजे पाचट सोलायला जायच्या. दुपारी सगळ्या बाया एकत्र जेवायला बसत, तेव्हा भाभी एका मडक्यातून काळपट पाणी काढून कांद्यावर घालायची. एकदा तिनं आत्यांच्या भाकरीवर तसा कांदा ठेवला. आत्यांनी घास तोंडात घातला आणि खाणं थांबवलं.

घरी येऊन मला म्हणाल्या, "पोरी, आंब सापडली."

ती आंब नव्हती, उसाच्या रसाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर होतं. पण आत्यांच्या जिभेला त्यात आपली हरवलेली वस्तू लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाही बरोबर नेलं. भाभीची हिंदी आम्हाला अर्धीच कळायची आणि आत्यांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त जरा मोठ्यानं बोललेली. तरी दोघींचं जमलं. भाभीनं हातवारे करून सांगितलं: ताजा रस गाळायचा, कोऱ्या मडक्यात भरायचा, थोडा जुना सिरका विरजणासारखा घालायचा, तोंडाला फडकं बांधायचं आणि उन्हात ठेवून द्यायचं.

"फिर भूल जाओ, अम्मा," ती म्हणाली. "पहिले बहुत महकेगा. डरना मत."

वाटेत मी विचारलं, "शेवटी ती काय म्हणाली?"

"आदी लई म्हाग पडंल म्हनती," आत्या म्हणाल्या. "म्हाग कशानं पडंल? ऊस तर आपलाच हाय."

महकेगा म्हणजे वास येईल, हे आम्हाला थोड्याच दिवसांत कळलं. मडकं आम्ही परसात ठेवलं होतं. आधी त्याला फेस आला, आतून बारीक बुडबुडे फुटायला लागले. मग वास सुटला. सुरुवातीला पिकलेल्या फळासारखा होता, आणि एका दुपारी घराच्या दारातच मला थबकायला झालं, कारण परसातून सरळसरळ दारूचा वास येत होता.

भट्टी मोडणाऱ्या बाईच्या घरातून दारूचा वास! शेजारच्यांनी आधी नाकाला पदर लावला, मग मामांकडे बघायला सुरुवात केली. मामा चौकात गेले की कुणीतरी मुद्दाम जवळ येऊन वास घ्यायचं. एक दिवस ते चौकातून आले ते सरळ भिंतीकडे तोंड करून बसले. मी ताट वाढलं, त्यांनी सरकवलं.

"मामा, काय झालं?"

"काय व्हायचं हाय. म्हातारा पुन्यांदा लागला, असं म्हनत्यात. मी म्हनलं, न्हाई. तर हसत्यात."

त्याच संध्याकाळी महिला मंडळाच्या बाया आल्या. भट्टी मोडायला आत्यांच्या खांद्याला खांदा लावून गेलेल्याच त्या. ओट्यावर बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग त्यांच्यातली वयानं मोठी बाई म्हणाली, "आक्का, आमाला ठावं हाय तुमी तसल्या न्हाई. पर लोकांस्नी काय सांगायचं?"

आत्यांनी त्यांना सगळ्यांना परसात नेऊन मडकं दाखवलं. पण ते दाखवतानाही त्यांच्या चेहऱ्यावर खात्री नव्हती. बाया गेल्यावर त्या चपला घालून सरळ गुऱ्हाळावर गेल्या. मीही मागोमाग गेले. भाभीनं सगळं ऐकून घेतलं आणि ती खळखळून हसली.

"अरे अम्मा, दारू बने बिना सिरका कैसे बनेगा? रस पहिले बिगड़ेगा, तभी ना सुधरेगा!"

घरी येऊन आत्या मडक्याजवळ उकिडव्या बसल्या. मी म्हटलं, "ओतून टाकू का?" मलाही मामांचं ते भिंतीकडचं तोंड बघवत नव्हतं. आत्यांनी फडकं सोडून आत पाहिलं आणि पुन्हा बांधलं. शील मोडतंय का, याचा विचार त्या करत होत्या हे मला कळत होतं. हे मडकं आज दारू होतं यात शंका नव्हती. आणि ते उद्या दारू राहणार नाही, याला पुरावा म्हणून फक्त एका परमुलखातल्या बाईचं हसू होतं.

शेवटी त्या उठल्या. "धर त्या बाजूनं," मला म्हणाल्या. आम्ही दोघींनी मडकं उचललं आणि परसातून काढून पुढच्या ओट्यावर, रस्त्यालगत आणून ठेवलं.

"आत्या, इथं? सगळ्यांच्या डोळ्यांपुढं?"

"डोळ्यांपुढंच. चोरून ठिवलं तर दारू. उघड्यावर ठिवलं तर काय हाय ते दिसंल लोकांना."

मामा दारातून हे बघत होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "मी बसतो हितं. राखाय."

आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी?"

"व्हय, मी. माझ्यापासनंच राखायचं हाय न्हवं?"

हे ते हसत म्हणाले, पण हसण्याचा आवाज सरळ नव्हता. आत्यांनी घरातून घोंगडी आणली आणि मडक्याजवळ अंथरून दिली.

त्यानंतर मामा रोज सकाळी ऊन ओट्यावर आलं की मडक्याशेजारी जाऊन बसायचे. बसल्या बसल्या दोर वळायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच हाक मारायचे, "ए, इकडं ये. घे वास. काल कसा व्हता, आज कसा हाय सांग." आधी माणसं चेष्टेनं यायची. मग रोजची सवय झाली. कामावर जाणारी माणसं ओट्याशी सायकल टेकवून वाकायची, नाकानं ओढून घ्यायची आणि मत द्यायची. कुणी म्हणे उतरलाय, कुणी म्हणे चढलाय. मामा सगळ्यांचं ऐकायचे. पण त्यांनी एकदाही मडक्यात बोट बुडवलं नाही. मी घरात स्वयंपाक करता करता चोरून बघायचे. कधी कधी वारा त्यांच्या बाजूला वळला की ते दोर वळायचं थांबवून उठायचे, रस्त्याच्या पलीकडे निंबाखाली जाऊन उभे राहायचे आणि थोड्या वेळानं परत येऊन बसायचे. त्या उठून जाण्याचा अर्थ मला कळायचा. आत्यांनाही कळायचा.

असं किती दिवस चाललं ते आता नीट आठवत नाही, पण ऊन चांगलं तापायला लागलं होतं. एका दुपारी मामांची आरोळी आली, "अगं ये, ये! नाकात गेलं, नाकात!"

आम्ही धावत बाहेर गेलो. मामा डोळे पुसत होते. मडक्यावरचं फडकं बाजूला होतं. वर सायीसारखा जाड पापुद्रा धरला होता आणि वास असा की नाकात सुई टोचावी. दारूचा मागमूस नव्हता. आत्यांनी पापुद्रा सरकवून पळीभर काढलं, जिभेवर घेतलं, डोळे मिटले. मग तीच पळी मामांपुढं धरली.

मामा मागे सरले. "मला नगं."

"घ्या," आत्या म्हणाल्या. "मी सांगती न्हवं."

मामांनी ओठ टेकवले. त्यांचं सगळं तोंड आक्रसलं, एक डोळा मिटला, मान हलली. आणि ते ओरडले, "आंबट! आईशप्पत, आंबट!" रस्त्यावरची दोन-चार माणसं हसायला लागली. मामाही हसत होते, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते सिरक्याचं होतं असं ते पुढे कायम सांगत.

त्या दिवशी मंडळाच्या बायांना आत्यांनी बोलावून घेतलं आणि सगळ्यांना कांदा-भाकरी वाढली, वर सिरका. ती मोठी बाई दोन घास खाऊन म्हणाली, "आक्का, हे काम बी भट्टी मोडल्यावानीच झालं. धीर धरावा लागला."

पुढच्या हंगामापासून आत्या दरवर्षी सिरका घालू लागल्या, आणि त्यात त्यांनी आपली अक्कल मिसळली. भाभीचा सिरका नुसता होता. आत्यांनी तो बाटल्यांत काढून एकीत ओवा आणि ठेचलेलं आलं टाकलं, ती पोटासाठी. एकीत तुळस आणि मिरी, ती थंडीत घसा धरला की कोमट पाण्यातून, मध घालून. उन्हाळ्यात पुदिना आणि गूळ घालून त्याचं सरबत व्हायचं. उसात राबून आलेल्या माणसाला ते दिलं की तो ओट्यावरच पाय पसरून बसायचा. लसणाचीही एक बाटली असायची, पण ती माझ्या नवऱ्यापुरती. कंपनीच्या कँटीनचं जेवण त्याला बेचव लागायचं, म्हणून तो डब्यात ती बाटली न्यायचा. पुढे ती एका शिफ्टमध्ये संपायला लागली, कारण त्याच्या लाइनवरची सगळी पोरं भाताच्या ताटल्या घेऊन त्याच्याच टेबलावर यायची.

देताना आत्यांचे नियम मात्र कडक होते. छातीत जळजळ होत असेल त्याला नाही. पोटात फोड असलेल्याला नाही. पाणी घातल्याशिवाय कुणालाच नाही. आणि प्यायल्यावर चूळ भरायची, नाहीतर दात आंबतात. एकदा कुणी तरी म्हणालं, "आक्का, ह्यानं माझी साखर कमी व्हईल का?" आत्या म्हणाल्या, "भाकरी गोड लागंल. साखरंचं डाक्टरला इचार."

त्यांच्या या नाही म्हणण्याचं मोल मला एका सकाळी कळलं. वरच्या आळीतल्या एका मोठ्या बागाईतदाराची सून पोट धरून आली. तिची सासू बरोबर होती. "आक्का, तुमचं ओव्याचं द्या थोडं, रातीपासनं तळमळती," सासू म्हणाली. मी बाटली आणायला वळले, तर आत्यांनी हातानं थांबवलं. त्यांनी तिला खाटेवर आडवी केली, कुठं दुखतं ते दाखवायला सांगितलं. आधी बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडं खाली सरकलंय, असं ती म्हणाली. अंगात ताप होता. आत्यांनी हलकेच दाबून हात उचलला तशी ती किंचाळली.

"हे माझ्या बाटलीचं काम न्हाई," आत्या उभ्या राहत म्हणाल्या. "पानी सुदिक देऊ नगा. आत्ताच्या आत्ता केडगावच्या दवाखान्यात न्या."

"आवं, पर थोडं घेऊन बघू की, गुण येतोय का…"

"न्हाई म्हनलं न्हवं!" एवढ्या चढ्या आवाजात आत्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतः रस्त्यावर जाऊन एक जीप थांबवली आणि त्या मुलीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्यासोबत गेल्या. अपेंडिक्स होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, वेळेवर आणलंत.

ती मुलगी बरी होऊन घरी आल्यावर तिचा सासरा आमच्याकडे आला. ओट्यावर बसला, मामांशी ऊस आणि पाण्याचं बोलला. मी चहा नेला. त्यानं कप घेतला आणि प्यायला. त्या घरातलं माणूस आमच्या घरी चहा प्यायल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तो गेल्यावर कप विसळताना आत्या एवढंच म्हणाल्या, "पोरगी वाचली, बरं झालं. ल्हान लेकरू हाय तिला."

नंतर गावोगावी बचत गट झाले. आमच्या गटानं दौंडला तालुक्याच्या प्रदर्शनात टेबल घेतलं. कुणाचे पापड, कुणाची चटणी, आणि आमच्या आत्यांचा सिरका. गटातल्या एका शिकलेल्या मुलीनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं: सर्व रोगांवर गुणकारी. आत्यांनी मला ते वाचायला लावलं. वाचून झाल्यावर त्यांनी पुठ्ठा उलटा केला आणि म्हणाल्या, "हितं लिव्ह, उसाचा सिरका. ओवा, आलं, तुळस. बास."

"अहो आक्का, मग कोण घेणार?" ती मुलगी रडकुंडीला आली.

"ज्याला गोडी लागंल त्यो."

दुपारपर्यंत आमच्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. शेजारच्या टेबलावर मात्र कसल्याशा हिरव्या पावडरीनं गुडघे बरे होत होते. मग आत्यांनी गटातल्या बायांची शिदोरी सोडली, कांदा बुक्कीनं फोडला, त्यावर सिरका घातला आणि आम्ही सगळ्या तिथंच टेबलामागं जेवायला बसलो. तो वास पसरला तशी माणसं वळायला लागली. आत्यांनी प्रत्येकाला भाकरीचा तुकडा दिला. एक जाड भिंगाचा चष्मा घातलेले गृहस्थ तुकडा खाऊन तिथंच उभे राहिले, पुन्हा हात पुढे केला आणि विचारलं, "हे कशावर चांगलं आहे हो?"

"भाकरीवर," आत्या म्हणाल्या.

ते गृहस्थ इतके मोठ्यानं हसले की शेजारचा पावडरवालासुद्धा बघायला आला. त्यांनी दोन बाटल्या घेतल्या. संध्याकाळी आम्ही एसटीची वाट बघत उभ्या होतो तेव्हा आमच्या पिशव्या हलक्या होत्या, गटातल्या बाया गाणी म्हणत होत्या आणि आत्या मात्र त्या पावडरवाल्याला पलीकडे गाठून विचारत होत्या, त्यात नेमकं काय काय घातलंय म्हणून.